चमेलीच्या मापाचं खोगीर

आयुष्यात मी खोगिरावर एकदाच बसले, आणि तेही खोली भाड्यानं मिळावी म्हणून.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकती नोकरी लागली होती. सत्तरीचं दशक तेव्हा नवंकोरं होतं आणि मीही. धरमपेठेत एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, म्हणून ड्यूटी संपल्यावर तशीच गेले. दार सताड उघडं. बैठकीत खुर्ची नाही, बाक नाही, साधी सतरंजीसुद्धा नाही. खोलीच्या मधोमध चार पायांचं एक लाकडी घोडकं आणि त्यावर जुनं, फिकट लाल, फुगीर खोगीर. शेजारी स्वतः मास्तर. उंच, किडकिडीत, धोतरावर शाळेचा काळा कोट, आणि चेहरा... चेहऱ्याबद्दल मी काही बोलणार नाही. लांब होता, एवढंच. बाकीचं काकू, म्हणजे त्यांची बायको, बोलायच्या.

"बसा," मास्तर म्हणाले.

मी चारी भिंतींकडे पाहिलं. "कुठे?"

"आता बाप्पा! एवढं मोठं दिसून नाही राह्यलं तुम्हाले?"

पाचवारी साडी नेसून खोगिरावर कसं बसायचं हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. मी आडवी बसले, दोन्ही पाय एका अंगाला, सायकलच्या कॅरिअरवर बसावं तशी. मास्तरांनी माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग वाकले, आणि खोगीर व लाकूड यांच्यामधल्या फटीत दोन बोटं घालून डोळे मिटून उभे राहिले. डॉक्टर नाडी बघतात तसे.

"भार बराबर दोन्हीकडे पडून राह्यला," ते म्हणाले. "सामान कधी आणता?"

मी कुठली, कोणाची, पगार किती, रात्री किती वाजता येणार, एक प्रश्न विचारला नाही. आतून काकूंचा आवाज आला, "बसवलं का हो तिले बी? उतर म्हणा आता, चहा झाला."

हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच वाट पाहाल: मास्तर उभ्या आयुष्यात घोड्यावर बसले नव्हते. एकदाही नाही. त्यांच्या आजोबांनी नागपूरच्या राजांच्या पागेत खोगिरं शिवली, बैठकीतलं ते आजोबांच्या हातचं. मास्तरांकडे खोगिराचं सगळं ज्ञान होतं, त्याखाली असायचा तो प्राणी तेवढा नव्हता. "घर आहे, दार आहे, खोगीर आहे," काकू म्हणायच्या, "घोडा तेवढा मी आणला नाही माहेराहून."

मास्तरांच्या मते मनुष्यजातीचा इतिहास राजांनी घडवला नाही, शिंप्यांनी घडवला. संध्याकाळी ओट्यावर बसून ते तो मला सांगत. आधी माणूस घोड्याच्या उघड्या पाठीवर बसला आणि घसरला. मग त्यानं कांबळं टाकलं आणि कांबळ्यासकट घसरला. मग कोण्या शहाण्यानं ते कांबळं घोड्याच्या पोटाखालून पट्ट्यानं आवळलं. तो पट्टा म्हणजे तंग. मग पाय ठेवायला लोखंडी कडी आली, ती रिकीब. इथे मास्तर उठून उभे राहत.

"रिकीब यायच्या आधी माणूस घोड्यावर बसत नव्हता, बाई. लोंबकळून राह्यला होता!"

मग लाकडी सांगाड्याचं जीन आलं. पुढून उंच, मागून उंच, वर मखमल. "त्यात सरदार सुखी आणि घोडा दुःखी." मग साहेब आला. "साहेबानं काय केलं? घोड्यावर खुर्ची ठेवली. चामड्याची. अन् आपण?" इथे आवाज अगदी खाली येई, शेजारची मंडळीही कान टवकारत. "आपण घोड्याले गोधडी शिवली."

ती गोधडी म्हणजे खोगीर. लाकूड नाही, लोखंड नाही. दोन लांबट गाद्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये घोड्याच्या कण्यावर मोकळी जागा. त्या जागेला मास्तर 'गल्ली' म्हणत. सगळी विद्या त्या गल्लीत होती. भार दोन्ही बरगड्यांवर पडला पाहिजे, कण्याला काही शिवता कामा नये, आणि वर माणूस बसलेला असताना गल्लीत दोन बोटं सरळ गेली पाहिजेत. आपले स्वार एवढे झपाट्यानं का जात? खोगीर हलकं म्हणून. मुक्कामाला उशी काय घेत? तेच खोगीर. हे किती खरं, मला माहीत नाही. शेजारी एक इतिहासाचे प्राध्यापक राहत, त्यांनी मास्तरांशी वाद घालणं सोडून दिलं होतं, कारण वाद घालायच्या आधी बसावं लागे.

दोन बोटांची परीक्षा फक्त खोगिरापुरती नव्हती. माझ्या घड्याळाच्या पट्ट्याखाली त्यांनी बोटं घालून पाहिली आणि पट्टा एक भोक सैल केला. शाळेत जाणाऱ्या मुलांना फाटकाशी थांबवून दप्तराचे पट्टे तपासले. एकदा सिटी बसमध्ये कंडक्टरच्या खांद्यावरच्या पिशवीच्या पट्ट्याखाली बोटं घातली. कंडक्टरला वाटलं, पाकीटमार. बस ठाण्याशी नेली. तिथे हवालदारसाहेबांच्या कमरपट्ट्यात... जाऊ द्या. काकू सोडवायला गेल्या होत्या.

शाळेतल्या त्यांच्या आठवणी त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी मला सांगितल्या. वार्षिक परीक्षेत 'समोरील वस्तूचे चित्र काढा' असा प्रश्न असे. इतर मास्तर तांब्या ठेवत, फुलदाणी ठेवत. आमच्या मास्तरांनी खोगीर ठेवलं. अर्ध्या वर्गानं उलटी नाव काढली, चारपाच जणांनी म्हैस, आणि एकानं खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'झोपलेली मावशी'. मास्तरांनी त्याला सर्वांत जास्त गुण दिले. म्हणाले, "आराम त्यालेच दिसला."

आणि एकदा स्टाफच्या बैठकीत हेडमास्तर शाळेच्या अंकाबद्दल म्हणाले की, शेवटची वीस पानं म्हणजे नुसती खोगीरभरती. झालं. मास्तर उठले. "सर, खोगिरात भरती नसली तर काय राह्यते? फडकं." तिथून पुढे ते शाळा सुटल्याची घंटा होईपर्यंत बोलले. नुसता कापूस भरला तर महिन्याभरात दबून त्याचे गोळे होतात. नुसतं गवत टोचतं. लोकर चांगली, पण उन्हाळ्यात घोडा उकडतो. खरी भरती म्हणजे लोकर, कापूस आणि घोड्याच्या आयाळीचे केस, तिन्ही पिंजून एकत्र. हेडमास्तरांनी पुन्हा हा शब्द कधी उच्चारला नाही. म्हणतात, निवृत्तीच्या भाषणातही अडखळले आणि 'जास्तीचा मजकूर' म्हणाले.

घोड्याचे केस मास्तर कुठून आणत, हे काकूंना बरीच वर्षं माहीत नव्हतं. एका रविवारी त्या सीताबर्डीवर भाजीला गेल्या, तर टांगा स्टँडवर आपले यजमान एका पांढऱ्या घोड्याची आयाळ विंचरताहेत, आणि फणी आपली! काकू घरी आल्या, डोक्यावरून पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या आणि त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. मास्तरांनी त्यांना नवी फणी आणून दिली. शिसवी होती. जुनी, अर्थातच, स्टँडवर राहिली.

आता कुंदाबद्दल सांगायला हवं. कुंदा म्हणजे मास्तरांची एकुलती एक मुलगी, माझ्याच वयाची, हसरी, आणि तोंडानं बापाच्या नाही, आईच्या वळणाची. आमचं गूळपीठ पहिल्या आठवड्यातच जमलं. तिचं लग्न मात्र जमत नव्हतं, आणि त्याला कारण दुसरं काही नव्हतं. मुलगा बघायला आला की त्यालाही बसावं लागे.

पहिला पाटबंधारे खात्यातला होता. बसला, आणि विचारलं, "याचं गिऱ्हाईक कोण आहे?" मास्तरांनी त्याला पोहे येण्याआधी निरोप दिला. दुसरा बसला आणि दुसऱ्या बाजूनं खाली आला. तिसरा तर चांगला डॉक्टर होता, बसलाही बरा, पण सबंध भार मागे टाकून. "हा माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या कण्यावर बसन," मास्तर म्हणाले, आणि विषय संपला.

"तुमच्या घोड्याले नवरा पाहून राह्यले का पोरीले?" काकू कडाडल्या. कुंदा माझ्या खोलीत आली, दार लावलं, आणि हसता हसता रडायला लागली. "चौथा बी गेला ना, तर मी सांगतो तुले, मी त्या खोगिरालेच माळ घालतो."

चौथा प्रभाकर. पारशिवनीच्या शेतकरी घरचा, हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर. सकाळची पाळी संपवून कारखान्याच्याच निळ्या कपड्यांत मोटरसायकलवर आला, हाताला ग्रीसचा वास. कुंदा पडद्यामागे, मी कुंदामागे. मास्तर म्हणाले, "बसा." तो काही न विचारता टांग टाकून बसला, आपोआप, जसा रोज आपल्या गाडीवर बसायचा तसा.

मास्तर खाली वाकले आणि ओरडले, "गुडघे!"

प्रभाकर घाबरून उठायला लागला.

"उठू नका जी! कोणी उठवू नका त्यायले! अहो ऐकलं का, या, गुडघे पाहा जावयाचे! कसे आवळले! हे शिकवून येत नाही!"

पोहे यायच्या आत लग्न ठरलं. कुंदा पडद्यामागे माझा दंड चिमटून चिमटून निळा करत होती. प्रभाकर तिला फाटकातून शिरतानाच आवडला होता, हे तिनं मला नंतर सांगितलं. आणि प्रभाकरनं तिला नंतर काय सांगितलं, तेही तिनं मला सांगितलं: लहानपणी पारशिवनीच्या बाजारात एका घोड्यानं त्याच्या डोक्यावरची टोपी खाल्ली होती, तेव्हापासून घोडा दिसला की तो रस्त्याची बाजू बदलतो. "बाबाले सांगू नको वं," कुंदा म्हणाली. मी सांगितलं नाही. कोण सांगणार?

आमच्याकडे नवरदेव घोडीवरून येतो. जानोशातून, म्हणजे वऱ्हाडाच्या उताऱ्यावरून निघायचं, मारुतीच्या देवळात पाया पडायचं, मग वाजतगाजत मांडवात. घोडीची सोय मुलीकडच्यांनी करायची. म्हणजे, मंडळी, साठ वर्षांत पहिल्यांदा मास्तरांना एक खरी घोडी मिळणार होती, तिच्यावर एक खरा माणूस बसणार होता, आणि तो माणूस त्यांचा जावई होता. त्यांना रात्ररात्र झोप लागेना.

लग्नाच्या घोड्या ठेवणारे एक बब्बूभाई होते. त्यांच्याकडे तीनचार घोड्या, त्यातली चमेली मास्तरांनी निवडली. चमेली म्हणजे पांढरीशुभ्र, संथ, पाठ अशी रुंद की तिच्यावर पानाचं दुकान थाटावं. मास्तर खिशात जाड तार घेऊन गेले. ती तार चमेलीच्या पाठीवर दाबून वाकवली, मग तशीच अलगद उचलून वर्तमानपत्रावर ठेवली आणि पेन्सिलीनं तिच्याभोवती रेघ मारली. असं पाच जागी. चमेलीच्या पाठीची ती पाच चित्रं बैठकीत देवांच्या तसबिरींशेजारी लागली. पुढचे तीन महिने घरात रुखवत नव्हतं, खोगीर होतं. उमरेडच्या एका विणकराकडून तंगासाठी सुती पट्टा विणून आणला, पलंगाची नवार घोडीला चावते म्हणून. काकू एका कोपऱ्यात कुंदाच्या साडीला फॉल लावताहेत, दुसऱ्या कोपऱ्यात मास्तर लाल कापडावर टाके घालताहेत, आणि दोघंही एकमेकांना विचारताहेत, "कात्री कोठी ठेवली?"

शिवून झालं तेव्हा मीही बघत राहिले. डाळिंबी रंग, कडेला पिवळा गोट, टाके असे की मोजून घ्यावेत. मास्तर म्हणाले, "बाई, आजोबा गेल्यावर या गावात हे पहिलं."

लग्नाचा दिवस. मे महिना, नागपूर. याहून जास्त वर्णन करत नाही. मुहूर्त गोरज, पावणेसातचा. पाच वाजता वरात मारुतीच्या देवळापाशी उभी. प्रभाकर जरीच्या टोपीत घामानं भिजलेला. त्याचे वडील, म्हणजे मास्तरांचे व्याही, पांढरा फेटा, भरघोस मिशा, पारशिवनीत दोघांत वाद झाला तर ज्यांच्याकडे निवाडा मागायला जातात तसे. बँड वाजतोय. आणि बब्बूभाई आले, घोडी घेऊन.

घोडी काळीसावळी. बारीक. पाठीचा कणा लांबून दिसतोय.

"ही कोण?" मास्तर म्हणाले.

"बिजली है, मास्टरजी."

"चमेली कोठी आहे?"

"चमेली तो आज गोकुळपेठ की बारात में है ना. मेरे लडके ने बुकिंग ले ली, उसको मालूम नहीं था. अब घोडी तो घोडी होती है, बाप्पा."

'घोडी तो घोडी होती है.' हे वाक्य मास्तरांसमोर! मी डोळे मिटले. मास्तरांनी चमेलीचं खोगीर बिजलीवर ठेवलं. ते दोन्ही बाजूंनी खाली घसरलं आणि नेमकं मधोमध कण्यावर टेकलं. गल्ली नाहीशी. मास्तरांनी बोटं घालून पाहिली. एकसुद्धा गेलं नाही.

"नवरदेव यावर बसणार नाही," ते म्हणाले.

"मग आमचं खोगीर टाकतो ना," बब्बूभाई म्हणाले. ते लाकडी, वर पत्रा, पत्र्यावर आरसे.

"ते तर त्याहून नाही."

व्याही पुढे आले. "काहून थांबवलं जी? काय भानगड आहे?"

"इवाई, पाच मिनटं. घोडी बदलून आणतो."

"पाच मिनटं म्हणजे पाचच. मुहूर्त टळला तर आमच्याकडे लग्न लागत नाही. आम्ही जशे आलो तशे पारशिवनीले जाऊ. हे आत्ताच सांगून ठेवतो." आणि ते तसे बोलायचे म्हणून बोलणारे गृहस्थ दिसत नव्हते.

काकू मांडवातून निरोप ऐकून धावत आल्या होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "जा वं यायच्या संग. नाहीतर हे त्या घोडीसोबत गप्पा करत बसतीन अन् माझी पोरगी तशीच राहीन."

आम्ही सायकलरिक्षात. मास्तरांच्या मांडीवर खोगीर, माझ्या मांडीवर खोगिराचं उरलेलं टोक. रिक्षावाला म्हणाला, "हे कोणाचं बाळंतपण आहे जी?" मास्तर हसले नाहीत. पूर्ण रस्ताभर एकच पुटपुटत होते, "पोरीचं लग्न आहे. पोरीचं लग्न आहे." जणू विसरतील अशी भीती होती.

गोकुळपेठेत दुसरी वरात मिळाली. पुढे बँड, मध्ये चमेली, आणि चमेलीवर एक नवरदेव. हा नवरदेव, कसं सांगू, दोन नवरदेवांच्या वजनाचा होता. मास्तर सरळ बँडच्या पुढे जाऊन हात पसरून उभे राहिले. बँड थांबला. त्यांनी चमेलीवरची झालर उचलली. लाकडी सांगाड्याच्या कडेखाली, नेमकं कण्यावर, चमेलीची कातडी रुपयाएवढी सोलली होती. ताजी.

"उतरा," मास्तर म्हणाले.

"काहून?" नवरदेव.

"तुमच्या खाली जखम आहे."

नवरदेवानं दचकून आपल्याच मागे हात लावला. "मले?"

"घोडीले!"

तो बिचारा देवमाणूस निघाला. झटकन उतरला, इतका झटकन की त्याच्या करवल्या किंचाळल्या. मास्तरांनी पत्र्याचं ते लचांड काढून टाकलं, सोललेल्या जागेवर आपल्या धोतराचा सोगा फिरवला आणि आपलं खोगीर ठेवलं. तंग आवळला. आणि मी शपथेवर सांगते, ते खोगीर चमेलीवर असं बसलं की जणू ती ते अंगावर घेऊनच जन्मली होती. सोललेली जागा गल्लीत आली, मोकळी, वाऱ्यावर. चमेलीनं मान खाली घालून एक मोठ्ठा श्वास सोडला. तुम्ही बूट काढल्यावर सोडता तसा.

बब्बूभाईंचा मुलगा तिथेच होता. म्हणाला, "मास्टरजी, गलती मेरी थी. आप चमेली ले जाओ, बिजली इधर भेज दो. बस." तो जाडा नवरदेवही म्हणाला, "हव, न्या काका. आमचा मुहूर्त अजून दीड तासानं आहे."

सुटलो, असं मला वाटलं. मी लगाम धरून चालायलासुद्धा लागले. पण मास्तर हलेनात. ते एकदा त्या नवरदेवाकडे बघत, एकदा जमिनीवर पडलेल्या पत्र्याच्या खोगिराकडे. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला तेव्हा कळलं. चमेली गेली तर बिजली येणार. बिजलीवर हा पत्रा पडणार. पत्र्यावर हा नवरदेव. आणि बिजलीचा तो उघडा कणा.

"मास्तर," मी म्हणाले, "कुंदा वाट पाहतेय."

"मले माहीत आहे."

"सहा होत आले."

"मले माहीत आहे, बाई."

रस्त्याच्या मधोमध, दोनशे माणसांसमोर, ते नुसते उभे राहिले. मग त्यांनी नवरदेवाचा दंड धरला आणि त्याला चमेलीकडे नेलं. "बसा. सावकाश. भार मांड्यांवर टाका." तो बसला. मास्तर वाकले, बोटं घातली. गेली. दोन्ही. त्यांनी गोटावरून एकदा हात फिरवला, जसा कोणी नातवंडाच्या पाठीवरून फिरवतो. मग मुलाला म्हणाले, "हे चमेलीचं आहे. आता काढायचं नाही. दुसरं काही तिच्यावर टाकलं तर मी येऊन पाहीन."

आणि माझ्याकडे वळून, "पळा!"

रिक्षा मिळाली नाही. साठीचे मास्तर आणि शालू नेसलेली मी, गोकुळपेठेतून धरमपेठेपर्यंत पळालो. देवळापाशी पोचलो तेव्हा मी पायरीवरच बसकण मारली. व्याही मिशांवर हात ठेवून उभे.

"घोडी?"

"आणली नाही."

"खोगीर?"

"देऊन टाकलं."

"मंग आमचा पोरगा येईन कसा?"

मास्तरांनी जमिनीकडे बघत सांगितलं, "पायी."

बँडवाल्यांनीसुद्धा वाद्यं खाली केली. व्याह्यांचा चेहरा फेट्यापासून खाली लाल होत गेला. "आमच्या घरचा नवरदेव पायी? अहो, आम्ही काय भीक मागायले आलो का? पारशिवनीत तोंड दाखवू का नाही आम्ही?"

तेवढ्यात जे झालं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. प्रभाकर चालायला लागला. डोक्यावर बाशिंग, हातात कट्यार, सरळ मांडवाच्या दिशेनं, लांब लांब टांगा टाकत. मागे वळून बँडवाल्यांना म्हणाला, "अरे वाजवा ना गा! काय पाहून राह्यले?" आणि बिजली, पाठीवर काही नसलेली, गळ्यात झेंडूची माळ, बब्बूभाईंसोबत त्याच्यामागून निघाली. प्रभाकर दर दहा पावलांनी मागे बघून तिच्या आणि आपल्या टोपीच्या मधलं अंतर वाढवत होता. त्यामुळे वरात फार वेगानं गेली. एवढी वेगानं गेलेली वरात मी पुन्हा पाहिली नाही. क्लॅरिनेटवाला तर शेवटी नुसताच पळत होता.

मुहूर्ताला तीन मिनिटं बाकी असताना आम्ही मांडवात शिरलो. अंतरपाट धरला गेला. कुंदानं पाटावरून मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तिचे खांदे खाली आले.

मग जावयाचे पाय धुवायचे असतात. काकूंनी पाणी घातलं, मास्तर परातीशी बसले, आणि थबकले. नव्या कोऱ्या चामडी चढावांनी प्रभाकरच्या दोन्ही टाचा सोलून काढल्या होत्या. डांबर तापलेलं, चाल लांबलचक. मास्तरांचे हात परातीतच राहिले. गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले.

"जावई," मास्तर म्हणाले, "मी घोडीची पाठ पाहून राह्यलो होतो. तुमचे पाय मले दिसलेच नाही."

प्रभाकर वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, पण कुंदा आणि मी दोघी ऐकू शकलो, "बाबूजी, खरं सांगू? घोडी आली असती तर मी आज आलोच नसतो."

कुंदा भर मांडवात, बाशिंग हलेपर्यंत हसली. गुरुजींनी दोनदा खाकरून पाहिलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि पदरातूनच म्हणाल्या, "धुवा आता नीट. चुना नका लावू तिथे, हळद लावा."

व्याही मात्र जेवणाच्या पंगतीतही घुम्यासारखे बसले होते. जिलेबीला हात लावला नाही. मास्तर समोरच्या पानावर. मी वाढत होते. दुसऱ्या वेळी भात घेऊन गेले, तर व्याह्यांनी मिशा पुसल्या आणि दुसरीकडेच बघत विचारलं, "ते घोडीचं... कण्यावर काही टेकू द्यायचं नाही म्हणता तुम्ही, ते सगळ्यायलेच लागू आहे का?"

"कोणाले?" मास्तर.

"आमच्या ढवळ्या बैलाच्या खांद्याले जू लागते जी. तीन वर्ष झाले. पेरणीच्या टायमाले रक्त येते. कोणी म्हणते तेल लावा, कोणी म्हणते विका." मग अगदी हळू, "विकवत नाही."

मास्तरांनी हातातला घास पानात ठेवला. "खांदा एका बाजूनं सोलते का दोन्ही?"

"एका."

"डाव्या?"

व्याह्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आपण भविष्य बरोबर सांगणाऱ्याकडे पाहतो. "तुम्हाले कसं कळलं?"

त्या पंगतीतून ते दोघे उठलेच नाहीत. मठ्ठा आला, विडा आला, पानं उचलली गेली, आणि हे आपले जमिनीवर भातानं बैलाचा खांदा काढताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी. ट्रकमध्ये गाद्या घातलेल्या, वऱ्हाड चढलेलं, कुंदा आईच्या गळ्यात. पाठराखीण म्हणून कुंदाची मावशी जायची होती, ती पिशवी घेऊन तयार. आणि मास्तर घरातून बाहेर आले: डोक्याला टापशी, काखेत वर्तमानपत्रांचं भेंडोळं, हातात सुयांचा डबा.

"तुम्ही कोठी चालले?" काकूंनी विचारलं.

"इवायासंग. पारशिवनीले. पेरणीले पंधरा दिवस राह्यले."

"अहो, पोरीसंग बाप जाते का कधी पाठराखणीले? लोक काय म्हणतीन?"

पण व्याह्यांनी वरून हात दिला होता आणि मास्तर धोतर सावरत चढलेही होते. कुंदा रडता रडता थांबली, ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे पुसून म्हणाली, "मा, तू रडू नको. हे तिकडे आठ दिवस राह्यले ना, तर मले सासरचे कधीच काही बोलणार नाही. त्यायले वेळच भेटणार नाही."

काकू ट्रक वळेपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "चल वं, चहा ठेव. अन् बस आज पाहिजे तिथं, तपासणारे गेले."